फोनची दुसरी प्रणाली कारखानदार का घेत नाहीत?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात सीताबर्डी, नागपूर येथे दिलेले भाषण)



बर्डीचा बाजार आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. काही दिवसांपूर्वी तेथील एका मोबाईलच्या दुकानात मी उभा होतो. एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते. मुलगी दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. वडिलांनी फोन देण्याचे कबूल केलेले. दुकानदाराने एकामागून एक डबे काउंटरवर मांडले. कुणाचा कॅमेरा मोठा, कुणाची बॅटरी मोठी, कुणाची नुसती जाहिरात मोठी. मुलीने दोन-चार फोन चालवून पाहिले आणि विचारले, "काका, वरून सगळे वेगळे, मग आतून सगळे सारखे कसे?" दुकानदार हसला. म्हणाला, "बेटा, आत अँड्रॉइडच असते. दुसरे पाहिजे तर अ‍ॅपल. पण त्याची किंमत आधी अब्बांना विचार."

दुकानदाराने थट्टा केली, पण त्या मुलीचा प्रश्न थट्टेचा नव्हता. आपल्या देशात इतके अभियंते आहेत, इतके कारखाने आहेत, मग फोनच्या आत चालणारी तिसरी प्रणाली दुकानात का दिसत नाही? त्या प्रश्नाचे उत्तर आज आपणांसमोर मांडावे असे मला वाटते. विषय यंत्राचा आहे, तथापि मी तो शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगेन.

बोटाचा स्पर्श ओळखणे, कॅमेरा चालविणे, टॉवरशी संपर्क ठेवणे, पडद्यावर अक्षरे उमटविणे ही सर्व कामे जी मूळ आज्ञावली करते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मी तिला नुसते प्रणाली म्हणेन. अँड्रॉइड ही प्रणाली तयार करणारी छोटी कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली आणि २००८ मध्ये तिच्यावर चालणारा पहिला फोन बाजारात आला. आज भारतातील दर शंभर स्मार्टफोनांपैकी नव्वदाहून अधिक फोन अँड्रॉइडवर चालतात. अ‍ॅपल आपली प्रणाली दुसऱ्या कोणत्याही कारखानदाराला देत नाही. म्हणजे ज्याला फोन बनवून विकावयाचा आहे त्याच्यापुढे व्यवहारात एकच रस्ता उरतो.

आपण म्हणाल, राहू द्या एकच. आमचे काय बिघडते? बिघडते ते असे. आपला फोन किती वर्षे सुरक्षित राहील, आपली कोणती माहिती बाहेर जाईल, कोणते अ‍ॅप आधीपासून भरलेले असेल आणि कोणत्या दुकानातून नवे अ‍ॅप घेता येईल, याचा पुष्कळसा निर्णय प्रणालीच्या मालकाकडे असतो. भाषेचेही तसेच आहे. आपल्या घरांतून उर्दू नस्तालिक वळणात लिहिली-वाचली जाते. परंतु अनेक फोनांवर तीच उर्दू वर्षानुवर्षे नस्ख वळणात दिसत आली. आजीला नातवाचा संदेश वाचताना अडखळावे लागते ते यामुळे. अक्षर कसे दिसावे हे कुणीतरी दूर बसून ठरविले, आणि आपल्याजवळ पर्याय नव्हता.

पर्याय उभा करण्याचा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. आयआयटी मुंबईत शिकलेले राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत एक कंपनी काढली. तिच्या प्रणालीचे नाव पुढे 'इंडस ओएस' असे पडले. अँड्रॉइडच्या खुल्या पायावरच ती रचलेली होती. मात्र तिचे लक्ष इंग्रजी न येणाऱ्या माणसाकडे होते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत फोन चालविता येई, आलेला संदेश बोट फिरवून आपल्या भाषेत करून घेता येई, आणि ई-मेलचा पत्ता नसलेल्या माणसालाही तिच्या दुकानातून अ‍ॅप घेता येई.

२०१५ साली मायक्रोमॅक्सने आपल्या फोनात ही प्रणाली घातली. मागोमाग कार्बन, सेलकॉन अशा आणखी काही भारतीय कंपन्या आल्या. २०१६ च्या सुमारास बाजाराची पाहणी करणाऱ्या काउंटरपॉइंट या संस्थेच्या आकडेवारीत इंडस ओएसने भारतात अ‍ॅपललाही मागे टाकून दुसरा क्रमांक मिळविला होता. मुंबईच्या तरुणांनी केलेले हे काम लहान नव्हते.

मग पुढे काय झाले? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि बाजार एकाएकी ४जी फोनांकडे वळला. शाओमी, विवो, ओप्पो या चिनी कंपन्या मोठ्या भांडवलानिशी उतरलेल्या होत्याच. त्यांचा माल भराभर खपू लागला आणि आपल्या भारतीय कंपन्या मागे पडल्या. चिनी कंपन्यांजवळ अँड्रॉइडवर चढविलेला स्वतःचा साज होता. त्यांना मुंबईच्या प्रणालीची गरज नव्हती. इंडस ओएसचे काम वाईट होते म्हणून ती मागे पडली असे म्हणता येणार नाही. तिला घेणारे कारखानदारच बाजारातून हटले. कंपनीने मग प्रणाली सोडून अ‍ॅपच्या दुकानावर भर दिला. २०२२ मध्ये फोनपेने ती विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये 'इंडस अ‍ॅपस्टोअर' या नावाने ते दुकान नव्याने उघडले.

मित्रहो, या कथेतील मर्म आपण ध्यानात घ्यावे. प्रणाली कितीही चांगली असली तरी ग्राहक ती सुटी विकत घेत नाही. ती फोनाबरोबर येते. म्हणून तिचा पहिला गिऱ्हाईक कारखानदार असतो. तेव्हा कारखानदाराच्या जागी उभे राहून पाहू.

मोमीनपुऱ्यातील जुन्या विणकर घराण्यांना ही गोष्ट फोडून सांगावयास नको. विणकराच्या मनात नवी किनार असते. परंतु सूत व्यापाऱ्याकडून यावयाचे, माल दुकानदाराने उचलावयाचा, आणि लुगडे अंगाला लागले नाही तर तोटा विणकराच्या माथी. असा माणूस नवी किनार काढण्यापूर्वी दहादा विचार करतो. त्याला कोणी भित्रा म्हणू नये. फोनच्या कारखानदाराची स्थिती अशीच आहे. स्वस्त फोनात एका नगामागे सुटणारा नफा फार थोडा असतो. शंभर फोन विकले आणि त्यांतील काही परत आले, की त्या मालावरची कमाई गेली. अशा माणसाकडे नवी प्रणाली घेऊन कोणी गेले, तर तो चार प्रश्न विचारतो.

त्याचा पहिला प्रश्न: माझ्या गिऱ्हाइकाला लागणारी अ‍ॅपे यावर चालतील काय? ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीने मोझिलाच्या फायरफॉक्स प्रणालीवर चालणारा 'क्लाउड एफएक्स' हा फोन अवघ्या १,९९९ रुपयांत भारतात आणला. किंमत पाहून कोणाही पालकाला आनंद व्हावा. परंतु त्यात अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप नव्हते. ज्या फोनात व्हॉट्सअ‍ॅप नाही तो फोन आपल्या देशात कोण घेणार? यात एक फेरा आहे. ग्राहक नाहीत म्हणून अ‍ॅप बनविणारे येत नाहीत. अ‍ॅप नाहीत म्हणून ग्राहक येत नाहीत. आणि दोघेही नाहीत म्हणून कारखानदार येत नाही. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीलाही हा फेरा तोडता आला नाही. २०११ मध्ये तिने नोकियाशी हातमिळवणी केली, २०१४ मध्ये नोकियाचा फोन-व्यवसायच विकत घेतला, लहान पडद्यांच्या फोनांसाठी आपली प्रणाली फुकट देऊ केली. तरीही २०१५ साली त्या व्यवसायापोटी सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. आज तर बँकेची आणि पैसे पाठविण्याची अ‍ॅपे त्यात आली आहेत. फोन अनोळखी दिसला तर त्यांतील काही चालण्यासच नकार देतात.

दुसरा प्रश्न चिपचा असतो. फोनचा मेंदू असलेली चिप बहुतेक कारखानदार क्वालकॉम किंवा मीडियाटेक यांच्याकडून घेतात. चिपबरोबर कॅमेरा, रेडिओ, पडदा, बॅटरी यांना प्रणालीशी जोडणारी आज्ञावलीही मिळते, आणि ती अँड्रॉइडसाठी तयार केलेली असते. दुसरी प्रणाली घालावयाची तर ही जोडणी पुन्हा करावी लागते. म्हणूनच फिनलंडच्या योला कंपनीची सेलफिश किंवा उबुंटू टच या प्रणालींनी अँड्रॉइडसाठी लिहिलेल्या जोडण्याच युक्तीने वापरून घेतल्या. युक्ती हुशारीची आहे, पण त्यांतही प्रत्येक नव्या फोनासाठी पुन्हा महिने खर्ची पडतात. बाजारात मात्र फोनचे नवे रूप दर काही महिन्यांनी यावे लागते.

तिसरा प्रश्न: तुमच्याशी व्यवहार केला तर माझा जुना व्यवहार बिघडणार नाही ना? अँड्रॉइडची मूळ आज्ञावली खुली आहे. ती कोणीही फुकट घ्यावी. परंतु प्ले स्टोअर, नकाशे, यूट्यूब या गोष्टी खुल्या नाहीत. त्यांसाठी गूगलशी करार करावा लागतो. या करारांत गूगलची अ‍ॅपे एकगठ्ठा घालण्याची अट असे, आणि अँड्रॉइडमध्ये आपल्या मताने बदल करून बनविलेल्या प्रणालीचे फोन काढू नयेत असेही बंधन असे. २०१२ च्या सप्टेंबरात तैवानची एसर कंपनी चीनच्या अलिबाबाच्या 'अलियुन' प्रणालीचा फोन काढणार होती. तो समारंभ ऐन वेळी रद्द झाला. अलिबाबाने गूगलच्या दबावाकडे बोट दाखविले. गूगलचे म्हणणे असे की अलियुन हे अँड्रॉइडचेच न जुळणारे रूप आहे. खरे-खोटे कसेही असो, दहा प्रकारचे फोन विकणारा कारखानदार अकराव्यासाठी आधीच्या दहांना धोका पत्करणार नाही, हे उघड आहे.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: तुम्ही उद्या असाल काय? फोन विकला की काम संपत नाही. पुढे काही वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवाव्या लागतात. मोझिलाने २०१३ मध्ये फायरफॉक्सचे फोन सुरू केले आणि डिसेंबर २०१५ मध्ये ते थांबवीत असल्याचे जाहीर केले. उबुंटू टचचा पहिला फोन फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि एप्रिल २०१७ मध्ये तिच्या मालक कंपनीने अंग काढून घेतले. पुढे स्वयंसेवकांनी ती सांभाळली. ज्या कारखानदाराने या कंपन्यांवर विसंबून माल काढला त्याच्या गिऱ्हाइकांना उत्तर कोणी द्यावयाचे? दुकानाच्या दारात भांडावयास लोक येतात ते दुकानदाराशी. प्रणालीच्या मालकाचा पत्ताही त्यांना ठाऊक नसतो.

काहींना वाटेल की कारखानदाराने स्वतःच प्रणाली काढली तर प्रश्न मिटेल. सॅमसंगने तेही केले. जानेवारी २०१५ मध्ये 'टायझेन' प्रणालीचा झेड१ हा फोन ५,७०० रुपयांना तिने प्रथम भारतात आणला. त्यानंतर दोन-तीन फोन निघाले आणि मालिका बंद पडली. जगातील सर्वांत मोठ्या कारखानदारांपैकी एकाची ही गत.

मग कोणालाच यश आले नाही काय? आले, आणि तेही आपणांस काही शिकविते. फायरफॉक्सची जी आज्ञावली कंपनीने सोडून दिली होती, तिच्यातूनच 'कायओएस' उभी राहिली. २०१७ मध्ये रिलायन्सने जिओफोन काढला तो याच प्रणालीवर. पंधराशे रुपये अनामत ठेवून मिळणारा तो फोन कोट्यवधी घरांत गेला. आणि ज्या व्हॉट्सअ‍ॅपने पूर्वी फायरफॉक्सकडे पाठ फिरविली होती ते २०१८ मध्ये स्वतःहून या फोनावर आले. फरक एवढाच की या वेळी मागे खात्रीचा खरेदीदार उभा होता. दूरध्वनी सेवा त्याची, मागणी त्याची, तोटा सोसण्याची तयारीही त्याची. चीनच्या हुआवेची गोष्ट निराळी. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले आणि नव्या फोनांसाठी गूगलच्या सेवा बंद झाल्या. निरुपाय म्हणून तिने 'हार्मनीओएस' वाढविली. चीनमध्ये गूगलच्या सेवा आधीपासूनच नव्हत्या, त्यामुळे तेथील ग्राहकाला काही उणे भासले नाही.

तथापि फार हुरळून जाण्याचे कारण नाही. रिलायन्सने २०२१ मध्ये स्मार्टफोन काढला तेव्हा त्याच्या प्रणालीचे नाव 'प्रगती' असे भारतीय होते. पण ती गूगलच्या सहकार्याने, अँड्रॉइडवरच बनविलेली होती. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखालील कंपनीने 'भारओएस' सादर केली. केंद्रीय मंत्र्यांनी ती हाताळून पाहिली, वर्तमानपत्रांनी कौतुक केले. गोपनीयतेची कडक गरज असणाऱ्या संस्थांसाठी ती आहे. बर्डीच्या काउंटरवर मागावा आणि मिळावा असा फोन मात्र त्यातून उभा राहिला नाही. कौतुकाने कारखानदाराच्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

कायद्याने मात्र एक दार किलकिले केले आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या करारांबाबत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. जानेवारी २०२३ मध्येच गूगलने जाहीर केले होते की भारतातील कारखानदारांना तिची अ‍ॅपे सुटी सुटी घेता येतील. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाची धार काहीशी बोथट झाली. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न तसेच उभे आहेत, आणि ते न्यायालयात सुटणारे नाहीत. ते शिकलेल्या माणसांच्या कामाने सुटतील.

आणि येथे, विद्यार्थी मित्रांनो, तुमचा संबंध येतो. संगणकाचे शिक्षण म्हणजे अ‍ॅप बनविणे एवढेच समजू नका. चिप आणि प्रणाली यांना जोडणारी आज्ञावली लिहिणारी माणसे थोडी आहेत. ती विद्या सी भाषा, लिनक्सचा गाभा आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या संगमावर आहे. अँड्रॉइडची मूळ आज्ञावली वाचावयास पैसे पडत नाहीत. घरात पडलेला एखादा जुना फोन असेल, त्यातील माहिती काढून ठेवली असेल, तर त्यावर लिनिएजओएससारखी खुली प्रणाली चढवून पाहा. आधी तो नमुना चालतो की नाही याची यादी तपासा. फोन बंद पडण्याची तयारी ठेवा, आणि अब्बा-अम्मींना विचारल्याशिवाय हात लावू नका! ज्यांचा ओढा भाषेकडे आहे त्यांनाही काम आहे. खुल्या प्रणालींचे मराठी आणि उर्दू शब्द स्वयंसेवकच बसवितात. ज्यांचा ओढा कायद्याकडे आहे त्यांनी स्पर्धा कायदा अभ्यासावा. वर सांगितलेला खटला वकिलांनीच लढविला आहे.

पालकांना माझी दोन विनवण्या आहेत. पहिली, घरात मुलाने अथवा मुलीने यंत्र उघडून पाहिले तर लगेच रागावू नका. बर्डीच्या गल्ल्यांत बसून फोन दुरुस्त करणारा तरुण जे हाताने जाणतो ते पुस्तकात क्वचितच सापडते. त्याच्या हाताला शिक्षणाची जोड मिळाली तर तोच उद्याचा अभियंता होईल. दुसरी विनवणी आपल्या संस्थांना आहे. केरळच्या सरकारी शाळांनी संगणकांसाठी खुली प्रणाली स्वीकारली आणि तिच्यासाठी शिक्षकांना तयार केले. खात्रीचा खरेदीदार म्हणजे केवळ रिलायन्स नव्हे. अनेक शाळांनी मिळून केलेली मागणीही खात्रीचीच असते. पुढे कधी टॅब्लेट किंवा संगणक घ्यावयाचे झाले तर विक्रेत्याला एवढे तरी विचारा: दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, मराठी-उर्दू नीट दिसेल काय, आणि मुलांची कोणती माहिती कोठे जाईल? हे प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले की कारखानदारही तेच प्रश्न पुढे विचारू लागतो.

शेवटी एक गोष्ट. कारखानदाराचे प्रश्न मी आज पुन्हा वाचले तेव्हा मला वाटले, नोकरीच्या दारात आपल्या मुलांनाही हेच विचारले जाते. तुला काम येते काय, आमच्या व्यवस्थेत जुळशील काय, तुझ्यामुळे नुकसान तर होणार नाही, आणि तू टिकशील काय? कधी कधी हे प्रश्न अन्यायाने विचारले जातात हेही आपण जाणतो. तरीही त्यांचे उत्तर नुसत्या गुणपत्रिकेने होत नाही. वर्षानुवर्षे केलेल्या चोख कामाने विश्वास बसतो. आणि असे एक मूल ज्या दारातून आत जाते, ते दार मागून येणाऱ्या दहांना थोडे सोपे होते.

त्या दिवशी त्या मुलीने अखेर अँड्रॉइडचाच फोन घेतला, आणि ठीकच केले; तिला अकरावीचा अभ्यास करावयाचा आहे. परंतु दुकानातून निघताना तिने वडिलांना विचारले, "अब्बा, आतले कोण बनवितो, ते शिकायला कुठे जावे लागते?" वडिलांनी माझ्याकडे पाहिले. आजचे हे भाषण म्हणजे मी तेव्हा रस्त्यावर उभ्या उभ्या जे पुरते सांगू शकलो नाही ते आहे. ती मुलगी आणि तिच्यासारख्या आपल्या सर्व मुलामुलींना अल्लाह इल्म देवो, आणि त्या इल्माचा उपयोग आपल्या वस्तीला, आपल्या भाषांना व आपल्या देशाला होवो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद.